उकिरड्यावरून गोठ्यात: वराहपालन शास्त्रीय पद्धतीकडे नेण्याचा क्रम

महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत वराहपालन अजूनही जुन्याच रीतीने चालते. सकाळी डुकरे मोकळी सुटतात, उकिरडे, गटारे आणि हागणदारीच्या जागा धुंडाळून पोट भरतात आणि संध्याकाळी त्यांतली बरीचशी वस्तीकडे परततात. व्यापारी आला की नजरेने वजन ठरते आणि सौदा होतो. वडार, कैकाडी आणि इतर काही समाजांतील कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. खाद्यावर पैसा जात नसल्यामुळे हाती आलेली सगळी रक्कम नफाच वाटते. पण नाल्यात मेलेली पिल्ले, वाहनाखाली सापडलेली जनावरे, वर्ष उलटूनही न भरलेले वजन आणि नगरपालिकेने पकडून नेलेली डुकरे यांचा हिशेब कोणीच मांडत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लाख होती आणि ती २०१२ च्या तुलनेत १२ टक्क्यांनी घटलेली होती. मोकाट पालनाला उरलेली जागा तर दरवर्षी कमीच होत आहे.

हा व्यवसाय सुधारायचे मनावर घेतले की बहुतेकांची पहिली धाव यॉर्कशायर या पांढऱ्या विदेशी जातीच्या डुकरांकडे जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी जनावर बंदिस्त करावे, मग त्याचे रोगांपासून रक्षण करावे, मग खाद्याचे गणित बसवावे, मग व्यायण आणि पिल्ले सांभाळायला शिकावे. जातीचा विचार त्यानंतर. वाढीची ताकद अंगात असलेले जनावर उपाशी आणि आजारी ठेवले तर ते गावठी डुकरापेक्षाही लवकर दगावते. खाली हाच क्रम धरून एक एक पायरी सांगितली आहे. ती तीन-चार डुकरिणी असलेल्या कुटुंबाला समोर ठेवून आहे, कारण शिकण्याच्या काळात याहून मोठी संख्या सहसा झेपत नाही.

पहिली पायरी: डुक्कर बंदिस्त करणे

बंदिस्त पालनाचे पहिले कारण आरोग्याचे आहे, आणि ते माणसाच्या आरोग्याचेही आहे. डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीची साखळी मानवी विष्ठेतून सुरू होते. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या शौचावाटे अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात त्या अंड्यांपासून बारीक गाठी तयार होतात. आणि असे मांस अर्धकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात पुन्हा कृमी वाढतो. हीच अंडी दूषित पाणी, भाजी किंवा न धुतलेले हात यांतून थेट माणसाच्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फिट येऊ लागतात. डुकराला विष्ठा मिळणे थांबले की ही साखळी तुटते. गोव्यातील जुन्या घरांमागचे डुक्कर-संडास बंद होणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. गोठा बांधला पण घरचे संडास वापरात नसले, तर निम्मेच काम झाले असे समजावे.

जागा उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी आणि विहिरीपासून व शेजारच्या घरांपासून शक्य तितकी लांब निवडावी. वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून ठेवावी, कारण या व्यवसायाला गावाचा विरोध होतो तो बहुतेक वेळा वासामुळे होतो. बांधकामाआधी ग्रामपंचायतीशी बोलून लेखी परवानगी घेतलेली बरी.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. फरशी सिमेंटची पण खरखरीत हवी, कारण गुळगुळीत फरशीवर गाभण डुकरीण घसरते. फरशीला गटाराच्या दिशेने थोडा उतार द्यावा आणि भिंती कमरेइतक्याच उंच ठेवून वर वाऱ्यासाठी मोकळे सोडावे. पिल्लांसह डुकरिणीला साडेसात ते नऊ चौरस मीटर, नराला सहा ते सात, गटात ठेवलेल्या सुट्या डुकरिणीला सुमारे अडीच, आणि वाढत्या डुकराला वयानुसार एक ते पावणेदोन चौरस मीटर जागा लागते. चार डुकरिणी, एक नर आणि एका वेळी तीसेक वाढती पिल्ले धरली, तर छपराखालची जागा साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट होते. जुना गुरांचा गोठा रिकामा असेल तर नवे बांधकाम करू नये. त्यातच आडव्या भिंती घालून भागते.

उन्हाळ्याचा विचार विदर्भ-मराठवाड्यात सर्वांत आधी करावा लागतो. डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही, म्हणून ते चिखल शोधते. पत्र्याच्या छपरावर कडब्याचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर टाकावा आणि दुपारी छपरापेक्षा जनावराच्या अंगावर पाणी मारावे. डुंबण्यासाठी उथळ हौद केला तर उत्तम, मात्र त्यातले पाणी रोज बदलावे. कोकणातील दमट हवेत नुसत्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे वारा खेळता ठेवणे अधिक मोलाचे. पूर्व विदर्भासारख्या धानपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात झपाट्याने वाढतो आणि साचलेल्या पाण्यावर व धानखाचरांत पैदास होणाऱ्या डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. तिथे गोठा वस्तीपासून दूर असावा आणि सांडपाणी कुठेही तुंबू देऊ नये.

दुसरी पायरी: रोग दाराबाहेर ठेवणे

प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला आणि प्रत्येक डुकरिणीसाठी वहीत एक पान, एवढी तयारी बंदिस्त केल्याच्या पहिल्याच आठवड्यात करावी. त्या पानावर नर लावल्याची तारीख, व्यायण्याची तारीख, जिवंत व मेलेली पिल्ले, लस आणि जंतनाशक यांची नोंद असली की पुढचे बहुतेक निर्णय त्या पानावरूनच घेता येतात.

लसींमध्ये सर्वांत महत्त्वाची लस क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाची. ती पिल्लाला साधारण दोन महिन्यांचे असताना टोचतात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी देतात. लाळ्या-खुरकूत रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या वयात सुरू करून दर सहा महिन्यांनी द्यावी. जंतनाशक दूध तोडल्यावर पिल्लांना आणि व्यायण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी डुकरिणीला द्यावे. खरूज हा किरकोळ वाटणारा पण वाढ खाणारा रोग आहे. डुक्कर सतत भिंतीला अंग घासत असेल तर त्याकडे सवय म्हणून पाहू नये.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा मात्र वेगळा विषय आहे. भारतात तो २०२० मध्ये प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला आणि नंतर इतर अनेक राज्यांत पसरला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांमध्ये मृत्यूचे प्रमाण प्रचंड असते आणि त्यावर उपचार नाही. क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस या रोगाला चालत नाही, कारण दोन्हींचे विषाणू पूर्णपणे वेगळे आहेत. हा विषाणू मांसात आणि मांसाच्या पदार्थांत महिनोन्‌महिने टिकतो. व्यापाऱ्याची गाडी, खाटकाचे बूट, हॉटेलातले उष्टे आणि नवीन विकत आणलेले जनावर या वाटांनी तो गोठ्यात येतो.

म्हणून काही नियम मोडू नयेत. नवीन जनावर किमान ३० दिवस वेगळ्या जागी ठेवावे आणि त्याचे खाणे-पाणी सगळ्यांत शेवटी करावे. दारात जंतुनाशकाचे पाणी भरलेला पायधुणीचा हौद असावा आणि ते पाणी घाण होताच बदलावे. गोठ्यात वापरायची चप्पल वेगळी असावी. विक्रीच्या वेळी व्यापाऱ्याला आत घेऊ नये. जनावरे बाहेर आणून फाटकाजवळ गाडीत चढवावीत. व्यापाऱ्याला हे मानवत नाही आणि सुरुवातीला तो कुरकुरतो, पण एकाच दिवशी दहा वस्त्यांत फिरणारा माणूस तोच असतो, हे ध्यानात ठेवावे. रानडुकरांचा वावर असलेल्या भागात कुंपण पक्के हवे.

अंगात सणसणून ताप, कान आणि पोटावर लाल-जांभळे चट्टे, आणि एकामागून एक अचानक मृत्यू अशी लक्षणे दिसताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. अशा वेळी उरलेली डुकरे घाईने विकून टाकण्याचा मोह होतो आणि रोग नेमका त्यामुळेच तालुकाभर पसरतो. शिवाय शासनाची भरपाई नियंत्रणासाठी मारलेल्या जनावरांची असते, आधीच मेलेल्यांची नव्हे. त्यामुळे उशिरा कळवणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

तिसरी पायरी: खाद्याचे गणित

मोकाट पालनातून बंदिस्त पालनात येणारी बहुतेक कुटुंबे इथेच अडखळतात, कारण आजवर जो खर्च नव्हताच तो आता एकूण खर्चाच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक होतो. हिशेब आधी कागदावर करावा. चांगल्या संकरित डुकराला एक किलो वजन वाढवण्यासाठी साधारण सव्वातीन किलो खाद्य लागते. खाद्य ३० रुपये किलोने पडते असे समजले, तर एक किलो वाढ सुमारे ९८ रुपयांना पडते. तेच जनावर जंतांमुळे, उष्म्यामुळे किंवा नुसत्या कोंड्यावर ठेवल्यामुळे एका किलोसाठी चार किलो खाऊ लागले, तर ती वाढ १२० रुपयांना पडते. जिवंत वजनाचा दर किलोला १३० रुपये मिळत असेल, तर पहिल्या गोठ्यात ३२ रुपये उरतात आणि दुसऱ्यात १०. त्यातूनच पिल्लाची किंमत, औषधे आणि मजुरी भागवायची असते. संपूर्ण खाद्य विकत घेऊन नुसती पिल्ले पोसण्याचा धंदा लहान कुटुंबाने करू नये, असे मी म्हणतो ते याच आकड्यांमुळे. घरची मका, भातगिरणीचा कोंडा, मंडईतला भाजीपाला यांपैकी काहीतरी स्वस्तात हाताशी असलेच पाहिजे.

वाढत्या डुकरांसाठी घरी करता येण्याजोगे एक मिश्रण असे: शंभर किलोमध्ये मक्याचा भरडा ५५ किलो, सोयाबीन पेंड २० किलो, गव्हाचा कोंडा साडेबावीस किलो, खनिज मिश्रण दोन किलो आणि मीठ अर्धा किलो. यातून सुमारे १७ टक्के प्रथिने मिळतात. वजन पन्नासेक किलोच्या पुढे गेले की सोयाबीन पेंड १४ किलोवर आणून तेवढाच कोंडा वाढवावा. प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास येतात आणि खर्चही उतरतो. गाभण डुकरिणीला रोज दोन ते अडीच किलो पुरते. तिला याहून जास्त देऊन लठ्ठ केले तर व्यायण अवघड जाते. दूध पाजणारीला मात्र तेवढ्यावर आणखी दर पिल्लामागे पाव किलो द्यावे.

आपल्याकडे सवयीने होणाऱ्या दोन गोष्टींपासून सावध राहावे. घरात गाई-म्हशींसाठी सरकी पेंड असतेच, म्हणून ती डुकरांनाही घातली जाते. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ करणारी जनावरे बऱ्याच अंशी पचवतात, डुकराला मात्र ते बाधते. तसेच सोयाबीन पिकवणारा शेतकरी कच्चे दाणे भरडून घालतो. त्यातील घटकांमुळे प्रथिने पचत नाहीत. दाणे भाजून किंवा उकडून द्यावेत, नाहीतर पेंडच वापरावी. पावसात भिजून बुरशी धरलेली मका ‘डुकरालाच तर घालायची’ म्हणून वापरली, तर गाभ पडणे आणि खोटा माज दिसणे असे प्रकार होतात.

हॉटेलातले उरलेले अन्न स्वस्त पडते हे खरे, आणि शहराजवळचे अनेक पालक त्यावरच टिकून आहेत. ते द्यायचेच असेल तर मोठ्या कढईत ढवळत किमान अर्धा तास खळखळून उकळावे, डुकराचे मांस असलेले उष्टे घेऊच नये, आणि कच्च्या उष्ट्याची भांडी गोठ्याच्या भांड्यांत मिसळू नयेत. पाणी स्वच्छ आणि दिवसभर समोर असावे. दूध पाजणारी डुकरीण दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी पिते. खारट उष्टे घालून पाणी कमी पाडले तर मिठाची विषबाधा होते.

चौथी पायरी: माज, व्यायण आणि पिल्लांचे पहिले तीन दिवस

डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दोन-तीन दिवस राहतो. बाह्य जननांग सुजून लाल होणे, अस्वस्थता आणि खाणे कमी होणे ही लक्षणे आधी दिसतात. पण नर लावण्याची खरी वेळ तळहाताने कमरेवर जोर देऊन ओळखावी. डुकरीण पळून न जाता कान ताठ करून खांबासारखी स्थिर उभी राहिली, तर ती तयार आहे. त्या वेळी एकदा आणि बारा ते चोवीस तासांनी पुन्हा एकदा नर लावावा. पहिलटकरणीला आठ महिन्यांच्या आत आणि वजन पुरेसे भरण्याआधी नर लावू नये. पैदाशीसाठी मादी निवडताना किमान बारा कार्यक्षम सडे मोजून घ्यावीत, कारण सडांपेक्षा पिल्ले जास्त झाली तर उरलेली उपाशी राहतात.

गाभणकाळ ११४ दिवसांचा असतो. १ जूनला नर लावला असेल तर २३ सप्टेंबरच्या आसपास व्यायण होईल. त्याच्या आठवडाभर आधी डुकरिणीला साबणाच्या पाण्याने धुऊन वेगळ्या, चुना मारलेल्या आणि कोरड्या कप्प्यात हलवावे. या कप्प्यात भिंतीपासून आणि जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटरवर लोखंडी नळी किंवा पक्के बांबू आडवे बसवावेत. आई भिंतीला टेकून खाली बसते तेव्हा मागे सापडलेले पिल्लू या नळीखालच्या फटीत सुरक्षित राहते. पिल्लांचे बरेच मृत्यू आईच्या अंगाखाली चिरडून होतात, आणि या आडव्या नळीइतका स्वस्त उपाय गोठ्यात दुसरा नाही.

सड दाबल्यावर दुधाची धार येऊ लागली आणि डुकरीण पेंढा तोंडाने गोळा करून अंथरू लागली की साधारण एका दिवसात ती वितेल. त्या रात्री कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे. प्रत्येक पिल्लाचे नाक-तोंड कोरड्या फडक्याने पुसावे, नाळ पोटापासून दोन बोटे अंतरावर दोऱ्याने बांधून कापावी, टोकाला आयोडीन लावावे आणि पिल्लू ताबडतोब सडाला लावावे. पहिला चीक जन्मानंतरच्या काही तासांतच मिळाला पाहिजे. पुढच्या सडांना दूध जास्त असते आणि दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपले सड कायमचे धरते. म्हणून पहिल्याच दिवशी अशक्त पिल्ले पुढच्या सडांना लावण्याची चलाखी करावी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३० ते ३४ अंश सेल्सिअस ऊब लागते, आईला मात्र एवढी उष्णता सोसत नाही. कोपऱ्यात आईला शिरता येणार नाही असा आडोसा करून त्यात बल्ब टांगावा. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून बसली असतील तर ऊब कमी पडते आहे, लांब पांगली असतील तर जास्त होते आहे; थर्मामीटर नसला तरी एवढे नजरेला कळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावे. मोकाट डुकरांना हे कधी लागले नाही, कारण पिल्ले माती उकरून लोह मिळवत होती. सिमेंटच्या फरशीवर ती वाट बंद होते आणि आईच्या दुधात लोह फार कमी असते. हे इंजेक्शन चुकले तर दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पांढरी पडतात, धापा टाकतात आणि मरतात, आणि पालक म्हणतो की बंदिस्त पालन आपल्याला मानवले नाही. विक्रीसाठी वाढवायच्या नरांचे खच्चीकरण दोन ते चार आठवड्यांच्या वयात पशुवैद्यकाकडून करून घ्यावे, नाहीतर मांसाला उग्र वास येतो. दहाव्या-बाराव्या दिवसापासून थोडा मऊ खुराक समोर ठेवावा आणि दीड महिन्याच्या सुमारास दूध तोडावे. दूध तोडल्यावर आठवडाभरात डुकरीण पुन्हा माजावर येते. या वेळापत्रकाने चालले तर वर्षात दोन वेते आरामात बसतात.

पाचवी पायरी: आता जात

एक-दोन वेते नीट पार पडली की नर बदलावा. गावठी डुकरीण काटक असते, चांगली आई असते, आणि तिला यॉर्कशायर किंवा लँड्रेस जातीचा नर लावला तर पहिल्याच पिढीत वाढीचा फरक दिसतो. लहान पालकाने विदेशी रक्त अर्ध्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत ठेवावे. त्यापुढे उन्हाळा आणि खाद्यातली हयगय जनावराला सोसत नाही. देशात अशा संकरातून राणी, आशा, झारसुक, लँडली यांसारखे वाण तयार झाले आहेत. पैकी राणी आणि आशा हे गुवाहाटीजवळच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राचे काम आहे. गोव्यातील आगोंदा गोवन ही काळी, स्थानिक जात देशी जात म्हणून अधिकृतपणे नोंदलेली आहे, आणि जुन्या गोव्यातील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केले आहे. अशी रक्ते सरसकट पुसून टाकण्यात शहाणपण नाही.

चार डुकरिणींसाठी एक नर पोसणे महाग पडते, कारण एक नर दहा माद्यांना पुरतो. शेजारच्या दोन-तीन पालकांनी मिळून नर ठेवावा, पण मग रोगनियंत्रणाचे नियम सर्वांनी पाळलेच पाहिजेत. कृत्रिम रेतनाची सोय जिथे आहे तिथे ती अधिक सुरक्षित. एकच नर दोन वर्षांहून अधिक ठेवला तर त्याच्याच मुली माजावर येऊ लागतात, आणि बाप-मुलीच्या अशा पैदाशीतून पिल्लांची संख्या व वजन दोन्ही घसरते.

विक्री आणि पैसा

संकरित डुक्कर ८० ते १०० किलोचे झाले की विकावे. त्यानंतर ते खाल्लेल्या खाद्याची चरबी करते, आणि चरबीला भाव नाही. आठ महिने उलटूनही वजन भरत नसेल, तर दर वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा कारण शोधावे.

व्यापारी नजरेने वजन सांगतो आणि त्याची नजर नेहमी त्याच्याच बाजूची असते. वजनकाटा नसेल तर शिंप्याच्या टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीची लांबी, अशी दोन मापे मीटरमध्ये घ्यावीत. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने आणि शेवटी ६९.३ ने. घेर एक मीटर आणि लांबी १.१ मीटर असेल तर वजन सुमारे ७६ किलो येते. माप सकाळी, खाणे घालण्याआधी आणि जनावर सरळ उभे असताना घ्यावे. दहा-पंधरा पालकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी गाडीभर माल विकला तर दरही बरा मिळतो. गोव्यात वर्षभर आणि विशेषतः नाताळच्या सुमारास चांगली मागणी असते, पण राज्याबाहेर माल नेताना रोगामुळे वाहतुकीवर बंदी नाही ना, याची खातरजमा पशुसंवर्धन विभागाकडे आधी करावी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये भांडवली अनुदान आहे. हा आकडा पाहून नवखी माणसे थेट शंभर डुकरिणींचा आराखडा बनवतात. अनुदान बांधकामाला आणि जनावरांना मिळते. पहिला माल विकेपर्यंतच्या साधारण वर्षभराच्या खाद्याला मिळत नाही, आणि प्रकल्प बुडतात ते बहुधा तिथेच. लहान पालकाने त्याऐवजी पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डावर खेळते भांडवल घ्यावे. बँकेत जाताना डुकरिणींच्या नोंदींची वही, लसीकरणाचे दाखले आणि मागच्या दोन विक्रींच्या पावत्या बरोबर न्याव्यात. व्यापाऱ्याकडून पावती घेण्याची सवय त्यासाठी पहिल्या विक्रीपासूनच लावून घ्यावी.